डंजन : मालकाचा मनोरा तळघरात कसा गेला?

लष्करवाला
नमस्कार मंडळी. परवा रविवारी पुण्याहून आलेल्या भाचीला घेऊन किल्ल्यावर गेलो होतो. ग्वाल्हेरात जन्म गेला तरी किल्ला चढायला पाहुणे यावे लागतात. एरवी आपण तो खालूनच बघतो, तोही स्कूटर सिग्नलला थांबली तर.

मानमंदिराच्या तळघरात उतरताना एक गाइड चिकटला. खालच्या गोल, खांबांच्या दालनात टॉर्च फिरवत म्हणाला, "ये देखिए, डंजन. अंग्रेज़ी में डंग माने गोबर. क़ैदी को गोबर-गंदगी में पटक देते थे, इसलिए डंजन." भाची नववीत आहे आणि हल्ली कशावरच विश्वास ठेवत नाही. तिने तिथेच फोन काढला, पण तळघरात रेंज कुठली? मग जिना चढता चढता मलाच विचारलं, "मामा, हे खरं आहे?" मामा गप्प.

घरी येऊन कोश उपसले. जे सापडलं ते गाइडच्या गोबरापेक्षा कितीतरी मजेदार निघालं, म्हणून हा धागा.

डंजन हा शब्द मुळात जमिनीखालचा नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये 'दोंजों' म्हणजे गढीतला सगळ्यात उंच, सगळ्यात मजबूत बुरूज. गढीचा मालक तिथे राहायचा, वेढा पडला तर शेवटची झुंज तिथूनच. त्याच्या मागे लॅटिन 'डोमिनस', म्हणजे मालक, धनी. आणि डोमिनसच्या मागे 'डोमुस', म्हणजे घर. मालकाचं घर तो दोंजों, एवढा साधा अर्थ. नॉर्मन लोकांबरोबर शब्द इंग्लंडात गेला आणि चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचे दोन्ही अर्थ सापडतात, बुरूज आणि बुरुजाच्या पोटातली अंधारकोठडी. कारण उघड आहे. जी जागा शत्रूला फोडता येत नाही ती कैद्यालाही फोडता येत नाही. मालक लोक पुढे खिडक्या असलेल्या, ऐसपैस घरांत राहायला गेले. दगडी बुरूज आणि त्यातले कैदी तेवढे मागे राहिले. बुरुजाला इंग्रजांनी पुढे 'कीप' हा दुसरा शब्द घेतला, आणि डंजन कायमचा खाली उतरला.

आता मानमंदिर बघा. राजा मानसिंह तोमर (राज्यकाळ १४८६ ते १५१६) याने स्वतःला राहायला बांधलेला महाल. बाहेरून निळ्या-पिवळ्या फरशा, बदकांची रांग. पूर्वेच्या कड्याच्या बाजूला जमिनीखाली आणखी दोन मजले. झूलाघर, केसरकुंड ही नावं अजून सांगतात की खाली काय चालायचं. मोगलांच्या हाती किल्ला गेला आणि याच किल्ल्याचा शाही तुरुंग झाला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुरादबख्श इथेच बंदी होता आणि डिसेंबर १६६१ मध्ये इथेच त्याला मारलं. राजाच्या झोपाळ्याची कडी कैद्याच्या दोराला लागली, असं गाइड सांगतो. कडीचं मला माहीत नाही, पण दालनांचं तेच झालं.

म्हणजे फ्रान्सात शब्दाचं जे झालं ते आपल्या किल्ल्यावर वास्तूचं झालं. धनी वर होता, कैदी खाली आला, आणि नाव कैद्याचं राहिलं. मला तरी हे भारी वाटलं. जाणकारांनी भर घालावी.

शब्दखोर
धाग्याला +१. पण गाइडला अगदीच झोडपू नका, त्याच्या गोबराला थोडा आधार आहे.

मुख्य मत तुम्ही दिलंत तेच, डोमिनसवालं. दुसरा एक पक्ष म्हणतो की दोंजों हा जुन्या जर्मॅनिक शब्दावरून आला. तो शब्द जमिनीत खणलेल्या खोलीचा, जिच्यावर ऊब राहावी म्हणून शेणखताचा जाड थर देत. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांवर लिहिलं, त्यात ही तळघरं आहेत. हिवाळ्यात आसरा आणि धान्याची साठवण, वर शेणाचा ढीग. त्यात कैदी कुठेच नाहीत. म्हणजे तो पक्ष धरला तरी गाइडची गोष्ट उलटीच पडते. शेण घाण म्हणून नव्हतं, गोधडी म्हणून होतं!

आता मालकाच्या घराण्यातली आणखी मंडळी. डोमिनसवरूनच 'डेंजर' आला. जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द धन्याच्या सत्तेचा होता. कुणाच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या कह्यात असणं, तो तुमचं वाटेल ते करू शकतो. धोका हा अर्थ नंतर चिकटला. 'डोमेन' आणि 'मॅडम' हेही त्याच घरचे.

आणि डोमुस म्हणजे आपला वेदातला 'दम', घर. ऋग्वेदात 'दमे दमे' येतं, घरोघरी. त्यावरूनच दंपती. एकवचनात घराचा धनी, द्विवचनात नवरा-बायको. ग्रीकमध्ये हाच जोडशब्द, हेच दोन तुकडे, 'देस्पोतेस' झाला आणि इंग्रजीत डिस्पॉट. लग्नपत्रिकेत "नवदंपतीस शुभाशीर्वाद" वाचताना हे आठवू नये, पण आठवतं.

चिमणीची_आई
आमच्याकडे एकवचनच चालतं, द्विवचन फक्त पत्रिकेपुरतं. पळते, डिस्पॉटना चहा हवाय.

सत्यशोधक२१
तुम्ही सगळे इंग्रजांच्या कोशांवर विसंबून आहात. डंजन हे सरळ संस्कृत आहे. दंड + जन. ज्या जनांना दंड झाला ते जिथे राहतात ते दंडजन, त्याचं डंजन. आपल्याकडून तिकडे गेलं. अभ्यास करा.

शब्दखोर
मग मंजन म्हणजे मंद + जन का? सकाळी सकाळी तसा दिसतोच माणूस.
चेष्टा सोडा. इंग्रजीतली जुनी रूपं बघितलीत तर शेवटी 'जन' नसून 'जों' आहे. आणि जुना अर्थ बुरूज आहे, दंड नाही. 'दंडजन' असा शब्द कुठल्या संस्कृत ग्रंथात आहे तेवढं सांगा, मी उद्यापासून तोच वापरतो.

जुनाखोड
लष्करवाला, लेख छान, पण एक दुरुस्ती. मी चाळीस वर्षं इथे इतिहास शिकवला, त्यामुळे हे राहवत नाही.

मुरादला मानमंदिराच्या तळघरातच ठेवलं होतं असं गाइड ठासून सांगतात. पण किल्ल्यावर नौचौकी म्हणून वेगळा तुरुंग होता, नऊ कोठड्यांचा, धोंडा पौरीच्या बाजूला. शाही कैदी म्हटले की तिचं नाव निघतं. आपल्या ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यात मो. ब. गर्दे नावाचे मराठी गृहस्थ होते, किल्ल्याची शिस्तशीर माहिती लिहून ठेवणाऱ्यांतले. ती वाचायची सोडून आपण टॉर्चवाल्याच्या मागे जातो. त्यामुळे "दालनांचं तेच झालं" हे वाक्य जरा सैल करा. किल्ला तुरुंग झाला, एवढं नक्की.

आणि कैद्यांना इथे दोरापेक्षा वाईट काय मिळायचं तेही सांगतो. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह इथेच होता. फ्रेंच प्रवासी बर्निए त्या काळात दिल्लीत होता, त्याने 'पोस्ता'बद्दल लिहिलं आहे. अफूची बोंडं कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी ते पाणी कैद्याला द्यायचं. ते प्यायल्याशिवाय जेवण नाही. माणूस हळूहळू सुकतो, बुद्धी जाते, आणि रक्ताचा थेंब न सांडता काम होतं. सुलेमान १६६२ मध्ये गेला. भिंतीच्या जाडीपेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं.

दुसरं टोकही याच किल्ल्यावर आहे. जहांगीरने गुरू हरगोबिंदांना इथे ठेवलं होतं. शीख परंपरा सांगते की सुटकेच्या वेळी त्यांनी बावन्न राजांना बरोबर बाहेर काढलं, प्रत्येकाने त्यांच्या अंगरख्याची एकेक कळी धरून. म्हणून दाता बंदी छोड गुरुद्वारा, म्हणून शिखांची दिवाळी तो बंदी छोड दिवस. किल्ल्यावर एवढ्या मोठ्या आवाजात सुटकेचं नाव घेणारी तीच एक जागा आहे.

आता तळघरांबद्दल. तळघर म्हटलं की कैदच, हे डोक्यातून काढा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या वाड्याला तळघर होतं. जेठात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी सगळं घर खाली. सतरंज्या, माठ, पत्ते, आणि आजोबांचं घोरणं. रस्त्याच्या पातळीला एक झरोका, त्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. मानसिंहाने खाली मजले काढले ते उन्हासाठी, हे कळायला ग्वाल्हेरचा एक मे महिना पुरे. शिंद्यांची गंगाजळीही किल्ल्याच्या तळघरांतच होती. त्याच अंधारात एकाने रुपये ठेवले, दुसऱ्याने भाऊ.

लष्करवाला
सर, नौचौकीची दुरुस्ती मान्य. (तुम्ही मला आठवीत शिकवलंय, नाव सांगत नाही, तेव्हाही असंच खोडायचात.) वाक्य सैल केलं असं समजा. पण माझा मुद्दा त्याने पडत नाही ना? राहायची जागा कोंडायची झाली, महाल नाही तर गड.

जुनाखोड
पडत नाही. लंगडतो. तेवढं चालतं.

रेवती_ग्वा
मी फ्रेंच शिकवते, म्हणून दोन पैसे.

फ्रेंचांनी त्यांचा दोंजों अजून वरच ठेवला आहे. पॅरिसजवळच्या व्हँसेनचा दोंजों साधारण पन्नास मीटर उंच, चौदाव्या शतकातला, राजाचं राहतं घर. गंमत अशी की पुढे त्याचाही तुरुंगच झाला. विश्वकोशवाला दिदरो १७४९ मध्ये तिथे काही महिने डांबलेला होता. म्हणजे वास्तूचं तिथेही तेच झालं जे लष्करवाला सांगतायत, पण फ्रेंच शब्द ढळला नाही. इमारत तुरुंग झाली तरी नाव बुरुजाचंच. लंडनच्या टॉवरचंही तसंच. तिथला मधला पांढरा बुरूज हा अस्सल दोंजों. तिथला पहिला नावाजलेला कैदी राल्फ फ्लॅम्बार्ड नावाचा बिशप. ११०० मध्ये आत गेला, ११०१ मध्ये दारूच्या पिंपातून आलेल्या दोरावरून उतरून पळाला. पहारेकऱ्यांना आधी तीच दारू पाजून.

आता भाषांतराचं दुखणं. विद्यार्थी फ्रेंच उताऱ्यात दोंजों दिसला की डोळे मिटून 'अंधारकोठडी' लिहितात, कारण इंग्रजी डंजन डोक्यात बसलेला. मग वाक्य होतं, "राणी अंधारकोठडीच्या गच्चीवरून हात हलवत होती." मराठीत त्याला नेमका शब्द आहे, बालेकिल्ला! फारसी 'बाला' म्हणजे वरचा. गडाच्या आतला, सगळ्यात वरचा, शेवटपर्यंत लढवायचा भाग. रायगड-राजगडवाल्यांना हे सांगायला नको, पण आम्ही इथे "क़िले पे" म्हणत वाढलेले, आम्हाला तो शब्द पुस्तकात भेटतो. किंवा निवडणुकीत. त्यांचा बालेकिल्ला तळघरात गेला, आपला पेपरच्या पहिल्या पानावर.

लष्करवाला
बालेकिल्ला! हा मला सुचायला हवा होता. भाचीला कळवलं. तिचं उत्तर: "मग गेममध्ये पण चूक आहे का?"

पिक्सेलपंत
चूक नाही, भाची. गेममध्ये डंजनचा तिसराच अर्थ आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फासे-कागद-पेन्सिलवर खेळायचे खेळ निघाले, त्यांत डंजन म्हणजे खोल्या आणि बोळांचा चक्रव्यूह, ज्यात आपण *स्वतःहून* उतरायचं, राक्षस मारायचे, खजिना घेऊन वर यायचं. तिथून तो कॉम्प्युटरवर आला. त्यात कुणी कोंडलेलं नसतं. असलं तर राक्षसच. आम्ही मित्र तर "आज रात्री दोन डंजन मारू" म्हणतो, आणि आई विचारते कोण रे हे.

आधी धन्याचं घर, मग कैद्याचं, आता खजिन्याचं. जुनाखोड सरांची गंगाजळी इथे फिट बसते.

नाना_मुरार
डंजन झालं, आता आपल्या 'तुरुंग'चं बघा. तो तरी कुठे आपला आहे? पोर्तुगीज 'त्रोंकु'. मूळ अर्थ झाडाचं खोड. मग लाकडाचा ओंडका ज्यात भोकं पाडून गुन्हेगाराचे पाय अडकवायचे, आणि मग ती जागाच. वसईला पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, गोव्यात त्याहून जास्त. शब्द मराठीत शिरायला एवढी दोनशे वर्षं पुष्कळ झाली.

आणि आपल्याकडे बघा: खोड, त्यावरून खोडा. पायात अडकवायचा तोच ओंडका. "कामात खोडा घातला" म्हणतो ना आपण. कैद्याला जखडायची वस्तू तीच, तिला दोन्ही भाषांनी झाडावरूनच नाव दिलं. आपल्या खोड्याने वाक्प्रचार दिला, त्यांच्या खोडाने इमारत.

ग्वाल्हेरात मात्र तुरुंग शब्द उंबऱ्याच्या आतच. घरात तुरुंग, दाराबाहेर जेल.

शब्दखोर
सुंदर. जेल म्हणजे पिंजरा. लॅटिन 'काविया', त्याचं लाडकं रूप 'काविओला', छोटा पिंजरा. ते नॉर्मंडीच्या फ्रेंचमधून एका रूपात आलं आणि पॅरिसच्या फ्रेंचमधून दुसऱ्या. म्हणून इंग्रजीत एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं, एक जी-ए वालं, एक जे-ए वालं, उच्चार एकच. 'केज' त्याच कावियाचा. प्रिझन म्हणजे नुसती धरपकड, लॅटिन 'प्रेहेन्देरे', पकडणे.

निवृत्त_सिस्टर
मी वाचतेच आहे, लिहीत नव्हते. पण इंग्रजीत कैदेला आणखी एक शब्द आहे आणि त्याच्याशी माझा उभा जन्म संबंध आला. कन्फाइनमेंट. आमच्या वॉर्डात केसपेपरवर ई.डी.सी. लिहायचो, म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख, आणि त्यातला 'सी' म्हणजे हाच कन्फाइनमेंट. नवी पोरगी ट्रेनिंगला आली की विचारायची, "मॅडम, हिने काय गुन्हा केलाय?"

मूळ लॅटिन 'फिनिस', सीमा. सीमेच्या आत ठेवणं. एके काळी बाळंतीण खोलीबाहेर पडत नसे, म्हणून तिकडे बाळंतपणालाच तो शब्द. आपल्याकडे वेगळं काय होतं? सव्वा महिना अंधारी खोली, शेगडी, धुरी, डोक्याला फडकं, पडदा. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी खिडकीही बंद ठेवली होती, आणि महिना होता वैशाख. डिंकाचे लाडू मात्र वेळच्या वेळी. आता केसपेपरवर 'डेलिव्हरी'ची तारीख लिहितात, डब्बेवाल्यासारखी.

चिमणीची_आई
सिस्टर, दंडवत. ई.डी.सी. माझ्याही फाइलवर होतं, मला वाटायचं ते डॉक्टरांचं सहीचं अक्षर.

सत्यशोधक२१
खोडा मान्य. दंडजनवर मी ठाम आहे.

नाना_मुरार
ठाम राहा. आता कोंडवाड्यावर येतो आणि मग झोपतो. आपल्याकडे मोकाट गुरांच्या कोंडवाड्याला काय म्हणतात? कांजी हाउस. सगळ्या हिंदी पट्ट्यात तोच शब्द. मी लहानपणापासून समजत होतो की तिथे गुरांना कांजी देत असतील. होळीला आपण गाजराची करतो ती, मोहरी घातलेली.

मग हॉब्सन-जॉब्सन कोशात (१८८६) बघितलं. तिथे 'कांजी हाउस' आहे, पण गुरांचं नाही! पलटणीतल्या गोऱ्या शिपायांची कोठडी. दंगा केला, दारू पिऊन पडला, की तिथे टाकायचा आणि खायला पातळ कांजी, म्हणजे तांदळाची पेज. तो शब्द मूळ तमिळ. काही जण गुरांचा कांजी हाउस इंग्रजीतल्या 'काइन', म्हणजे गाई, यावरून लावतात, तेही अशक्य नाही. पण आमचं मुरार म्हणजे इंग्रजांची छावणी. शिपायाची कोठडी ओस पडली आणि त्यात गाई बांधल्या, हे मला जास्त पटतं. लष्करवाल्यांच्या हिशेबाने म्हणायचं तर इथे कैदी गेला आणि खाली आणखी कुणी आलं.

१९६८-६९ ची गोष्ट असेल. आमची कपिला दोर तोडून भाजीबाजारात शिरली, कुणाच्या तरी फ्लॉवरचा फडशा पाडला आणि कांजी हाउसात गेली. बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन गेले. मुनशीने आधी वही काढली, मग बाबांकडून दंड घेतला, मग पावती दिली, आणि मग विचारलं, "कौन सी है?" आत तीन काळ्या गाई होत्या. बाबांनी नुसतं "कपिले" म्हटलं, तर तिन्हींनी मान वर केली.